यंत्राने वाचलेले अभिप्राय: मराठी भावविश्लेषणाची वाटचाल

लिहिलेल्या मजकुरातून लिहिणाऱ्याचे मत अनुकूल आहे, प्रतिकूल आहे की तटस्थ, हे संगणकाने ठरवणे म्हणजे भावविश्लेषण. एखाद्या हॉटेलबद्दल, चित्रपटाबद्दल किंवा मोबाइलबद्दल ग्राहकांनी इंटरनेटवर लिहिलेले अभिप्राय हे या शास्त्राचे पहिले आणि आजही सर्वांत मोठे क्षेत्र आहे. माणसाला दहा अभिप्राय वाचता येतात, शंभरही वाचता येतात. एका वस्तूवर दहा हजार अभिप्राय जमा झाले की ते वाचायला यंत्र लागते. त्या यंत्राला वाचायला शिकवण्याचा इतिहास इंग्रजीत 1990च्या दशकात सुरू झाला. मराठीत त्याची पहिली ठळक नोंद 2012 सालची आहे. मधली दहा-पंधरा वर्षे मराठी मागे का राहिली आणि नंतर ती पुढे कशी सरकली, याचे उत्तर गणितापेक्षा माणसांच्या श्रमात अधिक सापडते.

ग्राहक लिहू लागले

ॲमेझॉनने 1995 साली पुस्तकविक्री सुरू केली आणि त्याच वर्षी वाचकांना आपले मत संकेतस्थळावर लिहू दिले. विक्रेत्यानेच आपल्या मालाविषयीची टीका छापावी, ही कल्पना त्या वेळी अनेकांना आतबट्ट्याची वाटली. पण खरेदीदारांचा विश्वास त्यामुळेच वाढला. 1999 साली अमेरिकेत 'एपिनियन्स' हे केवळ अभिप्रायांसाठीचे संकेतस्थळ निघाले. भारतात 2000 साली फैसल फारुकी यांनी मुंबईतून 'माउथशट' सुरू केले. मोटारी, बँका, शाळा, विमानसेवा, धुलाईयंत्रे अशा नाना गोष्टींवर भारतीय ग्राहक तेथे इंग्रजीत सविस्तर लिहू लागले. 2007 साली फ्लिपकार्ट आणि 2008 साली पुढे झोमॅटो या नावाने ओळखली जाणारी सेवा सुरू झाल्यावर अभिप्राय लिहिणे हा शहरी व्यवहाराचाच भाग झाला.

अभिप्राय प्रतिकूल असला की कंपन्या तो काढून टाकण्याची मागणी करत. माउथशटने माहिती तंत्रज्ञान नियमांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. 'श्रेया सिंघल' खटल्याबरोबर ऐकल्या गेलेल्या याचिकांत माउथशटची याचिकाही होती. 24 मार्च 2015च्या निकालाने न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना असल्याशिवाय केवळ कोणाच्या तक्रारीवरून मजकूर काढण्याचे बंधन संकेतस्थळांवर राहिले नाही. ग्राहकाचे प्रतिकूल मतही नोंदीत टिकून राहण्याच्या दृष्टीने हा निकाल महत्त्वाचा ठरला.

शब्दांची बाजू

मजकूर जमला, पण तो तोलायचा कसा? हार्वर्डमध्ये फिलिप स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960च्या दशकातच 'जनरल इन्क्वायरर' ही प्रणाली तयार केली होती. शब्दांच्या हाताने केलेल्या वर्गवाऱ्या आणि त्यांची मोजणी असे तिचे स्वरूप होते. 1997 साली वासिलिओस हात्झिवासिलोग्लू आणि कॅथलीन मॅकिओन यांनी पुढचे पाऊल टाकले. वॉल स्ट्रीट जर्नलमधील सुमारे 2 कोटी 10 लाख शब्दांच्या मजकुरात कोणती विशेषणे 'आणि'ने जोडली जातात व कोणती 'पण'ने, हे त्यांनी तपासले. 'स्वच्छ आणि प्रशस्त' असे लोक लिहितात. 'स्वच्छ पण महाग' असेही लिहितात. 'आणि' साधारणपणे एकाच बाजूची विशेषणे जोडतो आणि 'पण' विरुद्ध बाजूची. एवढ्या धाग्यावरून विशेषणांचे दोन गट बहुतांशी बरोबर पाडता आले.

2002 साली या क्षेत्रात दोन निबंध एकाच वर्षी आले आणि पुढच्या वीस वर्षांची दिशा ठरली. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील पीटर टर्नी यांनी एपिनियन्सवरील 410 अभिप्राय घेतले. प्रत्येक अभिप्रायातील विशेषण-क्रियाविशेषणांचे शब्दगट काढून ते 'उत्कृष्ट' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाजवळ अधिक वेळा येतात की 'निकृष्ट' या अर्थाच्या, हे त्यांनी अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या शोधयंत्राला विचारले. या पद्धतीला आधी खूण केलेले एकही उदाहरण लागत नव्हते. सरासरी 74 टक्के अभिप्रायांचा कौल बरोबर निघाला. मोटारींच्या बाबतीत हे प्रमाण 84 टक्के होते. चित्रपटांच्या बाबतीत मात्र 66 टक्केच. चित्रपटातला खलनायक भयंकर असणे ही तक्रार नसते, आणि नुसत्या शब्दांकडे पाहणाऱ्या यंत्राला हा फरक कळत नव्हता.

दुसरा निबंध बो पांग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांचा. त्यांनी चित्रपट परीक्षणे घेतली: 700 अनुकूल, 700 प्रतिकूल. प्रथम त्यांनी दोन विद्यार्थ्यांना विचारले, की कोणत्या शब्दांवरून परीक्षण चांगले किंवा वाईट आहे हे ओळखता येईल? त्यांनी दिलेल्या याद्यांवरून यंत्राने दिलेली उत्तरे 58 आणि 64 टक्के बरोबर आली. मग यादी देणेच सोडून दिले आणि यंत्राला खूण केलेली परीक्षणे दाखवून शब्दांचे वजन स्वतःच ठरवू दिले. अचूकता 82.9 टक्क्यांवर गेली. मशीन लर्निंग माणसाच्या अंदाजापेक्षा सरस ठरल्याचा हा या क्षेत्रातला पहिला ठोस पुरावा होता.

यंत्र शिकते म्हणजे काय करते

या प्रयोगातली सर्वांत सोपी पद्धत 'नाइव्ह बेज' या नावाने ओळखली जाते. समजा, 700 अनुकूल आणि 700 प्रतिकूल मराठी परीक्षणे हाताशी आहेत. 'टुकार' हा शब्द अनुकूल परीक्षणांपैकी 7मध्ये आणि प्रतिकूल परीक्षणांपैकी 70मध्ये आढळला. मग नव्या परीक्षणात 'टुकार' दिसताच प्रतिकूलतेची शक्यता अनुकूलतेच्या दसपट धरायची. 'अप्रतिम' हा शब्द 90 अनुकूल आणि 15 प्रतिकूल परीक्षणांत आढळला, तर तो शब्द अनुकूल बाजूला सहापट झुकवतो. 'संगीत अप्रतिम, पण कथा टुकार' या वाक्यात दोन्ही शब्द आहेत. दहास सहा असा कौल प्रतिकूल बाजूने पडतो. प्रत्येक शब्द इतरांपासून स्वतंत्र आहे असे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक चुकीचे असूनही हिशेब बऱ्याचदा बरोबर येतो.

दुसरी पद्धत 'सपोर्ट व्हेक्टर मशीन'. तिच्यात प्रत्येक परीक्षण हा हजारो मिती असलेल्या अवकाशातला एक बिंदू असतो आणि प्रत्येक शब्द ही एक मिती. अनुकूल आणि प्रतिकूल बिंदूंमधून अशी सीमा आखायची की दोन्ही बाजूंचे जवळचे बिंदू तिच्यापासून शक्य तितके लांब राहतील. 82.9 टक्क्यांचा आकडा याच पद्धतीचा. एक गोष्ट या प्रयोगात अनपेक्षित निघाली: शब्द किती वेळा आला यापेक्षा तो आला की नाही, एवढीच नोंद अधिक उपयोगी पडली.

दोन्ही पद्धतींची अट मात्र एकच होती. खूण केलेली उदाहरणे हवीत, आणि ती पुष्कळ हवीत. इंग्रजीत ही अट आपोआप पुरी होत गेली, कारण अभिप्राय लिहिणारा स्वतःच तारे देत होता. पाच तारे म्हणजे अनुकूल, एक तारा म्हणजे प्रतिकूल. वेगळा खूण करणारा माणूस बसवायची गरज नव्हती. 2011 साली स्टॅनफर्डच्या गटाने 50,000 चित्रपट परीक्षणांचा संच खुला केला. 2013 साली त्याच विद्यापीठात 11,855 वाक्यांचे तुकडे पाडून 2,15,154 शब्दगटांवर माणसांकडून खुणा करून घेतल्या गेल्या.

मराठीची अडचण

मराठीत यातले काहीच नव्हते. मराठी माणूस अभिप्राय लिहीत नव्हता असे नाही. तो इंग्रजीत लिहीत होता किंवा मराठी रोमन लिपीत लिहीत होता. मोबाइलवर देवनागरी टंकलेखन सुलभ व्हायला 2010 नंतरची वर्षे उजाडावी लागली. देवनागरीत लिहिलेली, तारे दिलेली, एका ठिकाणी जमलेली हजारो परीक्षणे कोठेच सापडत नव्हती.

मजकूर मिळाला असता तरी इंग्रजीची पद्धत जशीच्या तशी चालली नसती. मराठीत शब्दाला प्रत्यय लागतो आणि प्रत्ययापूर्वी शब्दाचे रूपही बदलते. 'पंखा', 'पंख्याचा', 'पंख्यामुळे', 'पंख्यांबद्दल' ही चार रूपे यंत्राला चार वेगळे शब्द वाटतात. एका शब्दाची मोजणी चार ठिकाणी विभागली जाते आणि प्रत्येक ठिकाणी पुरावा अपुरा पडतो. जिथे उदाहरणे आधीच कमी, तिथे ही विभागणी फार महाग पडते.

नकाराचेही तसेच. इंग्रजीत नकारदर्शक शब्द आधी येतो, म्हणून त्यानंतरच्या शब्दांना विरामचिन्हापर्यंत 'नकारी' अशी खूण करण्याची युक्ती पांग आणि सहकाऱ्यांनी वापरली होती. मराठीत 'जेवण मुळीच चांगले नव्हते' असे लिहितात. नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि तेथून मागे वळून बघावे लागते. शिवाय 'पाण्याची बोंब', 'डोकं उठलं', 'पैसा वसूल' अशा प्रयोगांत एकेकट्या शब्दाला बाजूच नसते. 'पैसा' आणि 'वसूल' हे दोन्ही शब्द स्वतंत्रपणे तटस्थ आहेत. एकत्र आले की ते प्रेक्षकाची पूर्ण पसंती सांगतात.

पवईतील प्रयोग

या अडचणीवर पहिला मार्ग पवईच्या आयआयटी मुंबईत निघाला. तेथील भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्रात प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदी वर्डनेट आणि त्याच्या आधारे मराठी वर्डनेट तयार होत होते. वर्डनेटमध्ये शब्द अकारविल्हे लावलेले नसतात. एकाच अर्थाचे शब्द एका संचात ठेवलेले असतात आणि प्रत्येक संचाला क्रमांक असतो. मराठी वर्डनेट हिंदीच्या संचांवरून विस्तारले गेल्यामुळे दोन्ही भाषांतल्या त्याच अर्थाच्या संचाला तोच क्रमांक मिळाला. भारतीय भाषांच्या अशा जोडलेल्या वर्डनेटांच्या समूहाला 'इंडोवर्डनेट' म्हणतात.

2010 साली आदित्य जोशी, बालमुरली ए. आर. आणि भट्टाचार्य यांनी हिंदी चित्रपट परीक्षणांवर तीन मार्ग तपासले. हिंदीतच खुणा केलेली परीक्षणे वापरणे हा पहिला. परीक्षणाचे इंग्रजीत यांत्रिक भाषांतर करून इंग्रजीतले यंत्र चालवणे हा दुसरा. आणि इंग्रजी शब्दभावकोशावरून बनवलेला हिंदी कोश वापरणे हा तिसरा. त्याच भाषेतली उदाहरणे वापरणारा पहिला मार्ग सर्वांत चांगला ठरला. त्याच वर्षी जादवपूर विद्यापीठात अमिताभ दास आणि शिवाजी बंद्योपाध्याय भारतीय भाषांसाठी भावकोश बांधत होते.

मराठीसाठी दुसरा मार्ग उघडाच नव्हता, कारण गूगलच्या भाषांतर सेवेत मराठीचा समावेश 2013 साली झाला. त्यापूर्वीच, डिसेंबर 2012मध्ये, संगणकीय भाषाविज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद 'कोलिंग' आयआयटी मुंबईत भरली. तिच्यात बालमुरली, जोशी आणि भट्टाचार्य यांनी हिंदी आणि मराठीतील प्रवासविषयक लिखाणाच्या भावविश्लेषणाचा निबंध मांडला. मजकूर ब्लॉग आणि वृत्तपत्रांच्या रविवारच्या प्रवासलेखांतून घेतलेला होता. हिंदीतील सुमारे 200 आणि मराठीतील सुमारे 150 मजकुरांना हाताने खुणा केलेल्या होत्या.

त्यांची कल्पना साधी आणि नेमकी होती. मजकुरातील शब्द काढून त्यांच्या जागी वर्डनेटमधील अर्थसंचाचा क्रमांक ठेवायचा. मग 'रमणीय' हा मराठी शब्द आणि त्याच अर्थाचा हिंदी शब्द यंत्राला एकच दिसतो. विभक्तीचे प्रत्यय गळून जातात, समानार्थी शब्द एकत्र येतात आणि हिंदी उदाहरणांवर शिकलेले यंत्र मराठी मजकूर वाचू शकते. भाषांतर करण्याची गरजच राहत नाही. हिंदीवर शिकून मराठी ओळखण्यात 84 टक्के आणि मराठीवर शिकून हिंदी ओळखण्यात 72 टक्के अचूकता मिळाली. द्विभाषी शब्दकोशाने शब्दाला शब्द ठेवण्याच्या पद्धतीपेक्षा हे प्रमाण 14 ते 15 टक्क्यांनी अधिक होते.

150 मजकुरांवरचा प्रयोग लहानच म्हणायला हवा. पण त्यामागे वर्डनेट बांधणाऱ्या भाषाअभ्यासकांचे अनेक वर्षांचे काम होते. कोणता मराठी शब्द कोणत्या अर्थसंचात जातो, हे प्रत्येक वेळी माणसाने ठरवले होते. खुणा कमी होत्या, तेव्हा कोशकारांच्या कामाने ती उणीव भरून काढली.

टोमण्याचा अभ्यास

अभिप्रायातला सर्वांत अवघड भाग म्हणजे उपरोध. 'वा, काय तत्पर सेवा! दोन तासांत चहा आला, तोही थंड' या वाक्यातले 'वा' आणि 'तत्पर' यंत्राला अनुकूल बाजूला ओढतात. पवईच्याच गटात आदित्य जोशी यांनी पुढे उपरोधावर काम केले. 2015 साली त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवले, की उपरोध ओळखण्याची किल्ली विसंगतीत आहे: एकाच वाक्यात अनुकूल शब्द आणि प्रतिकूल परिस्थिती शेजारी आली, की संशय घ्यावा. अभिजित मिश्रा आणि सहकाऱ्यांनी वाचकाच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. उपरोधाचे वाक्य वाचताना नजर विसंगतीच्या जागी रेंगाळते आणि मागे फिरते. या हालचालींची नोंद यंत्राला दिल्यावर उपरोध ओळखण्याची त्याची क्षमता वाढली. हे प्रयोग इंग्रजी मजकुरावर झाले, पण त्यातून मिळालेले तत्त्व कोणत्याही भाषेला लागू पडते: वाक्याचा भाव एका शब्दात नसतो, शब्दांच्या परस्परसंबंधात असतो.

रबाळे: गणनेची जागा

शब्दांचे परस्परसंबंध शिकायचे तर गणना फार लागते. 2013 नंतर मज्जातंतूंच्या जाळ्यांसारख्या रचनेची गणिते, म्हणजे न्यूरल नेटवर्क, या क्षेत्रात रुळली. 2017 साली 'ट्रान्सफॉर्मर' ही रचना आली आणि ऑक्टोबर 2018मध्ये गूगलने तिच्यावर आधारलेले 'बर्ट' हे प्रारूप मांडले. त्याच्या मूळ आवृत्तीतच सुमारे 11 कोटी आकडे शिकून ठरवायचे असतात. अशी प्रारूपे टेबलावरच्या संगणकावर घडत नाहीत. त्यांना ग्राफिक्स प्रोसेसरच्या रांगा, अखंड वीज आणि अखंड थंडावा लागतो, म्हणजेच डेटा सेंटर लागते.

पवईहून ऐरोली पुलावरून ठाणे खाडी ओलांडली की ज्या औद्योगिक पट्ट्यात उतरायला होते, तो देशातील डेटा सेंटरांच्या प्रमुख पट्ट्यांपैकी एक आहे. रबाळे हे मुळात खाडीकाठचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने 1960च्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक क्षेत्र आखले आणि रसायने, औषधे, अभियांत्रिकी यांचे कारखाने येथे आले. 1970 साली सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबई उभी राहू लागली. 9 नोव्हेंबर 2004 रोजी ठाणे-वाशी उपनगरी रेल्वे सुरू झाली आणि रबाळे हे तिच्यावरील एक स्थानक झाले. दरम्यान रसायनउद्योगाचा जोर ओसरत गेला आणि त्याच पट्ट्यात माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या.

डेटा सेंटर येथेच का आली, याची कारणे भौतिक आहेत. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात. कारखान्यांसाठी आलेली उच्चदाबाची वीज, महामंडळाचे पाणी आणि मोठे भूखंड येथे होते. बँका आणि वित्तसंस्था खाडीपलीकडे होत्या. रिझर्व्ह बँकेने 6 एप्रिल 2018 रोजी आर्थिक देवघेवीची माहिती देशातच साठवण्याचा आदेश दिल्यावर मागणी आणखी वाढली. सिफी कंपनीची डेटा सेंटर वाशी आणि ऐरोलीनंतर रबाळ्यात आली, आणि रबाळ्याचे आवार त्यांत सर्वांत अधिक विस्तारत गेले. ऐरोलीपासून महापेपर्यंत अशा इमारतींची रांगच लागली.

भावविश्लेषणाच्या व्यवहारात अशा जागेचे काम दोन प्रकारचे असते. प्रारूप घडवताना यंत्रांवर कित्येक तास किंवा दिवस सलग भार असतो. घडलेले प्रारूप वापरताना भार लहान पण सततचा असतो: अभिप्राय येतो, त्याचे तुकडे पडतात, गणित होते, कौल नोंदला जातो आणि विक्रेत्याच्या तक्त्यात एक आकडा बदलतो. अभिप्राय लिहिणाऱ्याला हे हवेत घडते असे वाटते. प्रत्यक्षात त्याला जमीन, वीज आणि पाणी लागते आणि पाळीवर येणारी माणसे लागतात. वातानुकूलन सांभाळणारे तंत्रज्ञ, वीज अभियंते आणि सुरक्षारक्षक हे या यंत्रणेचे तितकेच आवश्यक भाग आहेत.

पुण्यातील सोळा हजार खुणा

गणना उपलब्ध झाली तरी मराठीची मूळ उणीव कायम होती: खूण केलेला मजकूर. बहुभाषिक बर्ट विकिपीडियाच्या 104 भाषांतील मजकुरावर घडवले होते आणि त्यात मराठी होती. नोव्हेंबर 2020मध्ये 'एआयफॉरभारत' या संशोधनगटाचे 'इंडिकबर्ट' आले आणि 2021 साली गूगलच्या भारतातील संशोधकांचे 'म्युरिल'. ही प्रारूपे शब्दांचे लहान तुकडे पाडतात. 'पंख्यामुळे' आणि 'पंख्याचा' यांतला समान भाग त्यांना दिसतो, त्यामुळे प्रत्ययांची जुनी अडचण बरीच हलकी झाली. पण भाषा ओळखणे वेगळे आणि मत ओळखणे वेगळे. मत ओळखायला पुन्हा उदाहरणेच लागतात.

ती उदाहरणे पुण्यात तयार झाली. 'एलथ्रीक्यूब' या उपक्रमात रविराज जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 2021 साली 'महासेंट' हा संच प्रसिद्ध केला. अथर्व कुलकर्णी, मीत मांधणे, मनाली लिखितकर आणि गायत्री क्षीरसागर हे त्याचे सहलेखक. सुमारे 16,000 मराठी ट्वीट एकेक वाचून त्यांवर अनुकूल, प्रतिकूल किंवा तटस्थ अशी खूण केलेली होती आणि तिन्ही गटांची संख्या समान ठेवलेली होती. मराठीत एवढ्या आकाराचा, सर्वांना खुला असलेला संच पूर्वी नव्हता. इंडिकबर्टने त्यावर तीन गटांत सुमारे 84 टक्के अचूकता गाठली. 2012 सालच्या 84 टक्क्यांशी या आकड्याची तुलना करता येत नाही. तेव्हा दोनच गट होते आणि मजकूर शंभर-दीडशे, आता तटस्थ हा तिसरा आणि सर्वांत निसरडा गटही होता.

पुढच्या वर्षी याच उपक्रमाने 2 कोटी 48 लाख वाक्यांचा मराठी मजकूरसंग्रह आणि त्यावर घडवलेले 'महाबर्ट' खुले केले. मग एक नवा प्रश्न पुढे आला. महासेंटमधील मजकूर बहुतांशी राजकीय होता. राजकीय ट्वीटवर शिकलेल्या यंत्राला चित्रपट परीक्षण दिले तर काय होते? 2023 साली 'महासेंट-एमडी' या संचाने याचा पडताळा घेतला. चित्रपट परीक्षणे, सर्वसाधारण ट्वीट, दूरचित्रवाणी मालिकांची उपशीर्षके आणि राजकीय ट्वीट अशा चार क्षेत्रांतील मिळून सुमारे 60,000 नमुन्यांवर माणसांनी खुणा केल्या. एका क्षेत्रात शिकलेले प्रारूप दुसऱ्या क्षेत्रात कमी पडते, हे त्यातून दिसले. टर्नी यांना 2002 साली मोटारी आणि चित्रपट यांत जो फरक आढळला होता, तोच मराठीत वीस वर्षांनी मोजून दाखवला गेला.

याच काळात एआयफॉरभारतने उत्पादनांच्या अभिप्रायांचा एक संच मराठीसह अनेक भारतीय भाषांत माणसांकडून भाषांतर करून घेऊन चाचणीसाठी खुला केला. वस्तूंच्या अभिप्रायांवर मराठी प्रारूपे पारखण्याची सोय त्यामुळे झाली.

रोमन मराठी आणि खोटे अभिप्राय

मराठी ग्राहक प्रत्यक्षात जसे लिहितो तसा मजकूर या संचांत बराच काळ नव्हता. रोमन लिपीत, इंग्रजी शब्द मिसळून, एकाच शब्दाची चार स्पेलिंगे करून तो लिहितो. 'सर्व्हिस एकदम भारी, डिलिव्हरी बॉय पण चांगला होता' हे वाक्य रोमन अक्षरांत लिहिले की देवनागरी शिकलेले यंत्र गडबडते. 2023 साली एलथ्रीक्यूबने मराठी-इंग्रजी मिश्र लिखाणाची सुमारे 1 कोटी वाक्ये जमवून त्यांवर प्रारूपे घडवली आणि भावविश्लेषणासाठी सुमारे 12,000 मिश्रभाषी ट्वीटवर खुणा केल्या. लोक लिहितात ती भाषा प्रमाण मानून तिच्यासाठी यंत्र घडवण्याचा हा प्रयत्न मराठीच्या दृष्टीने मोलाचा आहे.

अभिप्राय खरा आहे का, हा प्रश्न भावापेक्षा वेगळा, पण त्याला जोडलेला आहे. 2011 साली कॉर्नेल विद्यापीठातील मायल ऑट आणि सहकाऱ्यांनी शिकागोच्या 20 हॉटेलांचे 400 खरे आणि मुद्दाम लिहून घेतलेले 400 खोटे अभिप्राय तपासले. माणसांना खरे-खोटे जवळपास ओळखता आले नाही. यंत्राने सुमारे 90 टक्के बरोबर ओळखले. भारतात नोव्हेंबर 2022मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस 19000:2022' हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत याचे नियम त्यात आहेत. खोट्या अभिप्रायांवर शिकलेले यंत्र खोटाच कौल देते, म्हणून भावविश्लेषणाची विश्वासार्हता अशा नियमांवर अवलंबून आहे.

आजची स्थिती

2022च्या अखेरीपासून मोठी भाषिक प्रारूपे सर्वसामान्यांच्या हाती आली. एखादा मराठी अभिप्राय देऊन 'यातले मत काय?' असे सरळ विचारता येऊ लागले. वेगळे प्रशिक्षण न देताही उत्तर मिळते. पण ते बरोबर आहे की नाही हे पारखायला महासेंटसारखे माणसांनी खुणा केलेले संचच लागतात. मोजपट्टी माणसाच्या हाताचीच राहिली आहे.

उरलेले काम स्पष्ट आहे. मराठीत वस्तूच्या एकेका अंगाविषयीचे मत वेगळे काढणे पुरेसे विकसित झालेले नाही. 'बॅटरी भारी, कॅमेरा पार टुकार' या वाक्याला एकच खूण देऊन भागत नाही; बॅटरी अनुकूल आणि कॅमेरा प्रतिकूल अशी नोंद झाली तरच ती निर्मात्याच्या कामाची. इंग्रजीत 2004 साली मिंचिंग हू आणि बिंग ल्यू यांनी ही दिशा दाखवली होती. बोलींचेही काम बाकी आहे. खुणा केलेले संच मुख्यतः प्रमाण मराठीचे आहेत. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा खुद्द रबाळे-घणसोलीच्या गावठाणांत बोलली जाणारी आगरी यांतले मत ओळखण्यासाठी त्या बोलणाऱ्यांनी स्वतः लिहिलेला आणि त्यांनीच खुणा केलेला मजकूर हवा.

या साऱ्या वाटचालीत एक नियम सतत दिसतो. यंत्राची अचूकता त्या त्या वेळी उपलब्ध असलेल्या गणितावर जेवढी अवलंबून होती, त्याहून अधिक ती मराठी वाचून निवाडा करणाऱ्या माणसांवर अवलंबून होती. पवईत अर्थसंच लावणारे भाषाअभ्यासक आणि पुण्यात ट्वीट वाचणारे विद्यार्थी यांनी दिलेले निवाडेच यंत्राने शिकले. रबाळ्यासारख्या ठिकाणी गणनेची क्षमता पैसे मोजून वाढवता येते. निवाडा करणाऱ्यांची संख्या मात्र मराठी समाजानेच वाढवायची आहे. विद्यापीठांतील मराठी विभाग, संगणक विभाग आणि ग्राहक संघटना या कामात एकत्र आल्या, तर मराठीत तक्रार लिहिणाऱ्या माणसाचे म्हणणे इंग्रजीत लिहिणाऱ्याइतकेच नेमके मोजले जाईल.